देह जपणाऱ्यांची बातमी

नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर एक खोली होती. तिथे महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, काही माणसं जमायची. मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो पोटापाण्यासाठी. वर्तमानपत्राच्या ठाणे आवृत्तीतली उपसंपादकाची नोकरी सुटल्यावर मी डोंबिवलीत घरी बसून प्रसिद्धीची कामं घ्यायला लागलेलो. कोचिंग क्लास, डोळ्यांचं हॉस्पिटल, दिवाळीच्या आधी एक मिठाईवाला. दातांचे डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "वरच्या मॅडमना लिहिणारा माणूस हवाय. विषय जरा विचित्र आहे, पण बाई एकदम सरळ आहेत. भेटून तर या."

वरच्या मॅडम म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. सत्तरी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, सुती साडी, पायात रबरी सोलच्या चपला. ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल, हळू आवाजात आणि कमी शब्दांत बोलायच्या. मी खुर्चीत टेकतोय तोच त्यांनी सुरुवात केली.

"डॉक्टर 'गेले' म्हणतात त्या क्षणी शरीरातलं सगळं एकदम संपत नाही. थोडा वेळ जातो. त्या वेळात देह लगेच थंड केला आणि पुढे द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला, तर त्याचं बिघडणं जवळजवळ थांबतं. कधीतरी, पुढच्या काळातल्या वैद्यकाला त्या देहाचं काही करता येईल, अशी आशा धरणारे आम्ही लोक आहोत. याला क्रायोनिक्स म्हणतात. तशी सोय परदेशात आहे, आपल्याकडे नाही. आणि आजपर्यंत यातून एकही माणूस परत आलेला नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या प्रत्येक मजकुरात सगळ्यात आधी आलं पाहिजे."

"सगळ्यात आधी?" मी विचारलं. आमच्या धंद्यात असली वाक्यं तळाशी, बारीक अक्षरात जातात.

"आधी. ते वाचून जो पुढे वाचेल, तोच आपला वाचक."

त्यांना माणूस का हवा होता, तेही त्यांनी सांगितलं. एका वाहिनीने त्यांच्यावर कार्यक्रम केला होता. मागे भुताच्या मालिकेसारखं संगीत, आणि पडद्यावर लाल अक्षरात 'ठाण्यात मढी उठवणारी टोळी'. त्यानंतर सभासदांना लिफ्टमध्ये शेजारी टाळायला लागले. एका बाईंच्या मुलीला तर लग्न ठरवताना विचारलं गेलं की तुमच्या घरात काही करणी वगैरे करतात का. या डॉक्टरबाईंना सगळ्यात जास्त राग आला होता तो यातल्या एका गोष्टीचा: वाहिनीला तो लाल मथळा सुचवणारं वाक्य आपल्याच एका सभासदाने उत्साहात पुरवलं होतं. तो म्हणाला होता, "आम्ही मृत्यूला हरवणार."

"त्यामुळे पहिलं काम आपल्याच तोंडाचं," डॉक्टर म्हणाल्या.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या नायट्रोजनवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. तसं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "उत्तम. विश्वास असलेली माणसं मला पुरेशी आहेत."

मग शब्द ठरले. 'अमर' लिहायचं नाही. 'चमत्कार' नाही, 'विजय' नाही. परदेशातले लोक अशा जपलेल्या देहांना रुग्ण म्हणतात. मी सहज मजकुरात तो शब्द वापरला, तर त्यांनी पेनने खोडला. "आपल्याकडे रुग्ण म्हणजे जिवंत माणूस. त्याच्या बायकोला वाटेल नवरा ॲडमिट आहे, उद्या डिस्चार्ज मिळेल. मयत म्हणा. शब्द कडू आहे, पण खरा आहे."

वाहिनीसमोर बोलून गेलेला तो उत्साही सभासद म्हणजे घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहणारा आयटीवाला. तिशीतला, हुशार, मनाने फार चांगला. वडील लवकर गेले म्हणून तो या विषयाकडे वळलेला. त्याच्या डोक्यात व्हिडिओ होता. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचा डबा असतो ना, तसा एक त्याने कुठूनतरी मिळवायचं ठरवलेलं. झाकण उघडायचं, पांढरा धूर, मागे निळा लाइट, आणि डॉक्टर पांढऱ्या कोटात चालत येणार.

"मॅडम, आता कोणी वाचत नाही. रील बघतात. पहिल्या तीन सेकंदात पकडलं नाही की गेला माणूस."

"गेला तर जाऊ दे," डॉक्टर म्हणाल्या. "धूर बघून जो येईल तो धूर बघायलाच आलेला असेल."

शेवटी संस्थेचा जो फोटो पेपरांना दिला, त्यात सगळे टेबलाभोवती बसलेत, समोर चहाचे कप, एका आजोबांचा चष्मा कपाळावर. आयटीवाला तो बघून हसला. "हे तर आमच्या सोसायटीच्या एजीएमसारखं दिसतंय."

"तसंच दिसायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे प्रश्नोत्तरांचा सराव. बैठकीचा शेवटचा अर्धा तास मी खवचट पत्रकार व्हायचो आणि सभासदांना उलटसुलट प्रश्न विचारायचो. श्रीमंतांचं खूळ आहे ना हे? देवाच्या कामात ढवळाढवळ कशाला? परत आलात तर नातवंडं ओळखतील का? सुरुवातीला लोक चिडायचे, नाहीतर भाषण द्यायचे. डॉक्टर टेबलावर बोट वाजवून थांबवायच्या. "प्रश्न काय होता? तेवढंच उत्तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. माहीत नाही म्हटल्याने कोणाची अब्रू जात नाही."

या सरावात सगळ्यात तयार होते ते कल्याणचे सर. कॉलेजात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेले, निवृत्त, उंच आणि किडकिडीत. बौद्ध कुटुंबातले, चाळीत वाढून, शिष्यवृत्त्यांवर शिकून वर आलेले. एकदा त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मला धम्माबद्दल विचारा. बाहेर कोणीतरी विचारणारच आहे, घरीच तयारी झालेली बरी."

म्हणून मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही बौद्ध आहात. सगळं अनित्य आहे असं मानता. मग देह जपून ठेवायची ही हाव कशी बसते त्यात?"

खोलीत जरा चुळबुळ झाली. सर मात्र शांत होते. "अनित्य आहे हे मान्यच. तो नायट्रोजनसुद्धा उडून जातो, अधूनमधून भरावा लागतो. मी कायमचं राहायचं म्हणतच नाही. पण धम्माने मला सांगितलंय की ऐकीव गोष्टीवर जाऊ नको, तपासून बघ. हा एक प्रयोग आहे. त्यात मी नमुना म्हणून जातोय. निकाल नमुन्याला कळेलच असं नसतं."

त्यांच्या मिसेस भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्या सभासद नव्हत्या, सरांना सोबत म्हणून यायच्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जिवंतपणी पंख्याखाली थंडी वाजते म्हणून यांना शाल लागते. आणि नंतर कुठे जाऊन राहणार म्हणतात, बघा."

सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले.

वर्षभरात फरक पडला. एका दैनिकाच्या पुरवणीत सरळ लेख आला, पहिल्याच वाक्यात 'आजपर्यंत कोणीही परत आलेलं नाही' असं छापून. एका कॉलेजने डॉक्टरांना बोलावलं. पण लेख वाचून वेगळीच माणसंही यायला लागली. आंबिवलीहून एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी दवाखान्यात होती, आशा नव्हती. लेखाचं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या पोरीला ठेवा. आम्ही म्हातारे होईपर्यंत काहीतरी औषध निघेल."

योगायोगाने त्या दिवशी एका वाहिनीची प्रतिनिधी मुलाखतीसाठी आलेली होती आणि तिने सगळं ऐकलं. ती मला हळूच म्हणाली, "हीच स्टोरी आहे. बाबांना विचारा ना, कॅमेऱ्यावर बोलतील का." मला माझ्या धंद्याची भाषा कळत होती. यापेक्षा मोठी प्रसिद्धी संस्थेला पुन्हा मिळणार नव्हती.

डॉक्टरांनी मुलाखत पुढे ढकलली, कॅमेरा बंद करायला लावला आणि त्या गृहस्थांना घेऊन आतल्या बाजूला बसल्या. बराच वेळ बसल्या. नंतर मला कळलं ते एवढंच, की त्यांनी मुलीच्या आजाराचं सगळं विचारून घेतलं, 'हे तुमच्यासाठी नाही' असं स्पष्ट सांगितलं, आणि वेदना कमी करण्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून दिला. ते गृहस्थ जाताना रडत होते, पण पिशवीतलं कात्रण त्यांनी टेबलावरच ठेवलं. पुढचे काही आठवडे डॉक्टर दर रविवारी आंबिवलीला जात होत्या, हेही मला उशिरा, त्यांच्या रिक्षावाल्याकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "भूल देणारी बाई मी. दुखू नये एवढंच मला आयुष्यभर येत होतं."

मुलगी गेली. ती बातमी आम्ही कधीच कोणाला दिली नाही.

सर गेले ते एका मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी, जेवण करून खाटेवर आडवे झालेले असताना. आजार असा काही नव्हता. काकू भांडी आवरून आल्या तेव्हा श्वास थांबलेला होता. त्यांनी पहिला फोन मुलाला केला आणि दुसरा डॉक्टरांना.

संस्थेतला हा पहिला मृत्यू. आमची तयारी कागदावर छान होती: डॉक्टरने मृत्यूचा दाखला द्यायचा, लगेच देह बर्फात ठेवायचा, ठरलेली औषधं द्यायची, आणि परदेशातल्या संस्थेला कळवून विमानाची व्यवस्था करायची. पण सरांचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. शेजारच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर धावत आले, तपासलं, आणि म्हणाले, "हे गेलेत. पण मी यांच्यावर कधी उपचार केलेले नाहीत. कशाने गेले ते मला माहीत नाही. दाखला मी कसा देऊ?" मग पोलिसांना कळवावं लागलं, पंचनामा झाला आणि देह शवविच्छेदनासाठी सरकारी दवाखान्यात गेला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं.

मी डोंबिवलीहून पोचलो तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या आवारात एका झाडाखाली उभ्या होत्या. ठाण्याहून गाडीत बर्फाच्या पेट्या घालून आलेल्या. आयटीवाला बाजूला फोनवर. पेट्यांच्या खालून पाणी वाहत फरशीच्या फटीत जात होतं. त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या मित्राचे काका मंत्रालयात आहेत. एक फोन केला तर पोस्टमॉर्टेम टळेल."

"नको," डॉक्टर म्हणाल्या.

"अहो, पण वेळ जातोय. सरांनी आपल्यावर सोपवलेलं."

"ते तरुण डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर आहेत. मी असते तर मीही सही केली नसती. आणि ओळख लावून केलेलं काम सरांना चाललं असतं का, ते तूच सांग."

त्याने फोन खिशात टाकला. तिथेच पायरीवर बसला आणि डोकं खाली घातलं. डॉक्टर त्याच्या शेजारी बसल्या. शवविच्छेदनात मेंदूही उघडला जाणार होता. त्यानंतर बर्फाला काही अर्थ नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

काकू बाकावर बसलेल्या. डॉक्टर उठून त्यांच्याकडे गेल्या, समोर उकिडव्या बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, सरांना जे हवं होतं ते आता होणार नाही. अर्धवट काहीतरी करून मी तुम्हाला झालं म्हणून सांगणार नाही."

काकूंनी हात सोडवून पदर नीट केला. मग म्हणाल्या, "बरं. मग आमच्या पद्धतीने करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंत्यविधी झाला. वंदना म्हटली गेली तेव्हा डॉक्टर मागच्या रांगेत हात जोडून उभ्या होत्या. तोवर माझा फोन वाजायला लागलेला. कल्याणच्या वार्ताहरांना पोलिसांकडून कळलं होतं की मयत माणूस 'त्या गोठवणाऱ्या संस्थेचा' होता. सगळ्यांचा प्रश्न एकच: देह कुठे आहे?

नौपाड्याच्या खोलीत परतल्यावर मी एक निवेदन तयार केलं. 'दिवंगतांच्या इच्छेनुसार प्रक्रिया सुरू करण्यात आली होती; तथापि काही तांत्रिक कारणांमुळे ती पूर्णत्वास जाऊ शकली नाही.' आमच्या धंद्यातलं हे चांगलं, घट्ट वाक्य. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

"सुरू केव्हा झाली?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, आपण बर्फ घेऊन गेलो होतो."

"बर्फ आवारात वितळला. सरांपर्यंत पोचलाच नाही. आणि तांत्रिक कारण म्हणजे कोणतं?"

आयटीवाला म्हणाला, "मॅडम, प्लीज. एवढ्या मेहनतीने नाव सावरलंय. एका दिवसात जाईल."

"नाव सावरलं ते खरं बोलल्यामुळे ना? मग आजच बदल कशाला?" त्यांनी कागद मला परत दिला. "लिहून काही देऊ नका. त्यांना इथे बोलवा. मी बोलते."

तीन-चार वार्ताहर आणि एक कॅमेरा आला. कॅमेरा त्याच वाहिनीचा होता, जिने लाल मथळा दिलेला. डॉक्टर नेहमीच्या टेबलाशी बसल्या. "आमचे एक सभासद वारले. त्यांचा देह जपायचं आम्ही त्यांना कबूल केलं होतं. आम्हाला ते जमलं नाही. त्यांच्या कुटुंबाने त्यांच्या पद्धतीने अंत्यसंस्कार केले. विचारा आता."

"म्हणजे तुमचा प्रयोग फसला?" कॅमेऱ्यावाल्याबरोबरच्या वार्ताहराने विचारलं.

"फसायला तो आधी करावा लागतो. आम्ही दारापर्यंतही पोचलो नाही."

"चूक कोणाची? पोलिसांची? दवाखान्याची?"

"माझी. माणूस घरी अचानक गेला आणि नेहमीचे डॉक्टर गावात नसले तर दाखला कोण देणार, याचा विचार मी करायला हवा होता. भूल देण्याआधी सगळं बिघडेल असं धरून तयारी करायची, हे मी शिकवत आले. इथे नाही केली."

"मग आता लोकांचा विश्वास उडेल तुमच्यावरचा."

"विश्वास ठेवा असं मी कुणाला म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "विचार करा एवढंच म्हटलंय. तो त्यांनी जरूर करावा."

 त्या वार्ताहराने वही मिटली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मॅडम, माझ्या आजीच्या वेळी असंच झालेलं. गावाकडे. दाखल्यासाठी दिवसभर ताटकळलो." डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. बाकीचे गेले तरी ते दोघं दाखल्याबद्दल बोलत बसलेले.

त्या वाहिनीवर त्या दिवशी संगीत वाजलं नाही. साधी, दीड मिनिटाची बातमी गेली. डॉक्टरांचं 'आम्हाला जमलं नाही' त्यात पूर्ण होतं.

नुकसान झालं नाही असं नाही. काही सभासद सोडून गेले. ज्या बाईंच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं गेलेलं, त्याही गेल्या; जाताना डॉक्टरांच्या पाया पडून गेल्या. महिन्याच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. मला वाटलं, संपलं आता. पण सरांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाला, डॉक्टर गेल्या, तिथे सरांचे जुने विद्यार्थी, कॉलनीतली वडीलधारी माणसं सगळी होती. काकूंनी त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. डॉक्टर सरांच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दल बोलल्या आणि मग म्हणाल्या, "त्या दुपारी ताईंना जे सोसावं लागलं, ते तुमच्यापैकी कोणाला सोसावं लागू नये. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा." कार्यक्रम संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. क्रायोनिक्सबद्दल कोणी विचारत नव्हतं. घरी मरण आलं तर काय करायचं, एवढंच विचारत होते.

त्यातून ती भाषणं सुरू झाली. कल्याण-डोंबिवलीतले, ठाण्यातले ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांची क्लबहाउसं, बुद्धविहारं. विषय एकच: घरी मृत्यू झाला तर. आपल्या संस्थेचं नाव डॉक्टर शेवटी, कोणी विचारलं तरच सांगायच्या. आयटीवाल्याने एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, यात आपला फायदा काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या.

तरी तोच आता या भाषणांचं सगळं बघतो. हॉल ठरवतो, माइक आणतो, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून वेळेआधी पोचतो. त्याच्या फोनमध्ये तो धुराचा व्हिडिओ अजून असेल, मी विचारलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ज्या डॉक्टरांच्या संघटनेने पूर्वी आम्हाला हॉल द्यायचं टाळलेलं, त्यांनीच मध्यंतरी मॅडमना बोलावून घेतलं. प्रसिद्धीपत्रक लिहून मी जे कधी मिळवून देऊ शकलो नसतो, ते असं आपोआप आलं. लोक आता त्यांच्या नायट्रोजनवर हसतात, पण त्यांच्यावर हसत नाहीत.

काकू सभासद झाल्या नाहीत. होणारही नाहीत, असं त्या मला स्पष्ट सांगतात. पण बहुतेक भाषणांना त्या येतात, पांढऱ्या साडीत, हातात पाण्याची बाटली. पहिली दहा मिनिटं त्याच बोलतात. त्या दुपारी काय झालं, कोण आलं, कोण काय म्हणालं, बाकावर किती वेळ बसावं लागलं, सगळं क्रमाने सांगतात. शाळेत धडा शिकवतात तसा आवाज, कुठे घाई नाही. त्या बोलत असतात तेव्हा डॉक्टर खाली, पहिल्या रांगेत, लोकांमध्ये बसून ऐकत असतात.